ऊसतोड मजुरांच्या हक्कांचे काम: उचल, हिशेब, अपघात आणि अडवणूक यांत काय करावे

प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यातल्या एका गावातून दरवर्षी शंभरावर कोयते (ऊस तोडणाऱ्या जोड्या) तोडीला जातात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. हिशेब कोणालाच लेखी मिळत नाही, अपघात झाला की मुकादम (टोळी जमवून नेणारा मध्यस्थ) थोडे पैसे देऊन मोकळा होतो आणि गेल्या हंगामात एका कुटुंबाला उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटली नाही म्हणून अडवून ठेवले होते. गावातल्या तरुणांच्या गटाला या मजुरांच्या हक्कांसाठी काम करायचे आहे. सुरुवात कुठून करावी आणि कायद्याचा आधार नेमका कुठे आहे?

कायद्याचा आधार भरपूर आहे. कमी पडतो तो पुरावा. कोणत्या माणसाने, कोणत्या तारखेला, कोणाच्या फडात (तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात), कोणत्या कारखान्यासाठी ऊस तोडला हे कागदावर दाखवता आले तर मजुरी, भरपाई, सुटका या सगळ्याचे दार उघडते. ते दाखवता आले नाही तर कारखाना म्हणतो, 'हा आमचा मजूर नाही'. वाहतूकदार म्हणतो, 'मी मुकादमाला ओळखतो, मजुराला नाही'. मुकादम म्हणतो, 'मी हातउसने पैसे दिले होते, ते परत मागतोय'. म्हणून काम जुलैत, उचल वाटायला लागते तेव्हा सुरू करा. फेब्रुवारीत फोन आल्यावर धावपळ करून जे हाती लागते, त्याच्या कितीतरी पट जास्त टोळी गावातून निघण्याआधी जमवता येते.

साखळी नीट समजून घ्या

कारखाना थेट मजूर ठेवत नाही. बहुतेक ठिकाणी तोडणी-वाहतुकीसाठी वेगळी संस्था किंवा ट्रस्ट असतो. त्याचा करार वाहतूकदाराशी, म्हणजे ट्रॅक्टर किंवा ट्रकच्या मालकाशी होतो. कित्येकदा बँकेचे कर्जही वाहतूकदाराच्याच नावावर निघते. वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम गावात उचल वाटतो. नवरा-बायकोचा एक कोयता, एकट्या माणसाचा अर्धा. मजुराच्या हातात यातला कुठलाही कागद येत नाही. बायकोचे नाव तर साखळीत कुठेच नसते. निम्मे काम ती करते, पण उचलीचा अंगठा नवऱ्याचा आणि हिशेबही नवऱ्याशी.

कारखान्याचा नेहमीचा बचाव असा की तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापला जातो, म्हणजे तोडणी ही शेतकऱ्याची बाब, आम्ही केवळ सोय करून देतो. याला उत्तर प्रत्यक्ष ताब्याच्या पुराव्याने द्यावे लागते. ऊस कधी तोडायचा हे शेतकरी ठरवत नाही. कारखान्याचा तोडणी कार्यक्रम ठरवतो. तोड चिठ्ठी चिटबॉय देतो, तो कारखान्याचा माणूस. वाहनावर कारखान्याचा कोड रंगवलेला असतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होते, टोळी कारखान्याच्या एका गटातून (विभागातून) दुसऱ्या गटात हलवण्याचा निरोप शेतकी विभागाकडून येतो. या चार-पाच गोष्टींचे फोटो आणि पावत्या हाती असल्या की 'मूळ मालक कोण' या वादात मजुराची बाजू बळकट होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यामुळे १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, १९७० चा कंत्राटी कामगार कायदा, १९४८ चा किमान वेतन कायदा या जुन्या नावांनी अर्ज करू नका. अर्ज त्याच कारणावर परत येतो. आता वेतन संहिता २०१९, सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० यांचा उल्लेख करा. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यायची, ही तरतूद नव्या कायद्यांतही आहे. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू व्हायला किमान ५० कामगार लागतात. 'आमच्या मुकादमाकडे वीसच माणसे आहेत' हे कारखान्याचे म्हणणे मान्य करू नका. कारखान्यासाठी तोडणाऱ्या सगळ्या टोळ्यांची एकूण संख्या मोजायचा आग्रह धरा. दुसऱ्या राज्यात गेलेल्या मजुरांसाठी ही किमान संख्या १० आहे.

१९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा मात्र स्वतंत्रपणे जसाच्या तसा चालू आहे. अडवणुकीच्या प्रकरणात मुख्य हत्यार तेच आहे.

उचल निघण्याआधी

गावातल्या प्रत्येक कोयत्याचे एक पान करा. त्यावर नवरा आणि बायको दोघांची पूर्ण नावे आणि वय, सोबत जाणारी मुले, मुकादमाचे नाव, गाव आणि फोन, वाहतूकदाराचे नाव, कारखाना, ठरलेला गट किंवा तळ (टोळीचा मुक्काम), उचलीची रक्कम आणि ती कशी मिळाली (रोख, खात्यावर, कोणासमोर), घेताना कशावर सह्या दिल्या, एवढे हवे. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. बऱ्याचदा कोरे धनादेश आणि मुद्रांकावर 'हातउसने' किंवा 'घरगुती अडचणीसाठी घेतलेली रक्कम' असा मजकूर घेतला जातो. पुढे त्याच्याच आधारे मजुरावर धनादेश न वटल्याचा किंवा फसवणुकीचा खटला उभा राहतो. धनादेशाचे क्रमांक तेव्हाच लिहून ठेवा. कोणता धनादेश कोणत्या तारखेला कोणाला कोरा दिला याची त्याच वेळची नोंद पुढे न्यायालयात उपयोगी पडते. तीन वर्षांनंतर तोंडी सांगितलेल्या गोष्टीला ते वजन नसते.

शक्य असेल तर उचल दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांवर मागा. मुकादम लगेच तयार होणार नाही. पण टोळीतले आठ-दहा कोयते एकत्र बसून म्हणाले तर तयार होतो, कारण जुलै-ऑगस्टमध्ये त्यालाही टोळी भरायची घाई असते. मजुराची बाजू वर्षातून एकदाच, याच दिवसांत वरचढ असते. टनाचा दर, खर्ची (हंगामात खर्चासाठी मिळणारे पैसे) किती आणि कधी, हिशेब दर पंधरा दिवसांनी, परतीचा प्रवासखर्च कोणाचा, आजारपणात काय, एवढ्या पाच गोष्टी साध्या कागदावर लिहून मुकादमाची सही घ्या. हा कागद नोटरी केलेला नसला तरी चालतो.

एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. काही मजूर दोन-दोन मुकादमांकडून उचल घेतात आणि एकाकडेच जातात. गावात सगळ्यांना हे माहीत असते. तुमच्या गटाने अशी नोंद डोळे झाकून केली तर खऱ्या प्रकरणातही तुमचा शब्द कोणी मानणार नाही. नोंदवहीत एका कोयत्याला एकच मुकादम, हा नियम पाळा आणि तो सगळ्यांना आधी सांगा.

याच महिन्यांत ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगार म्हणून नोंदणी आणि ओळखपत्र करून घ्या, बायकोच्या नावाचे वेगळे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये आणि तेवढाच वाटा राज्य सरकारकडून, अशी रचना ठरलेली आहे. योजनांचा लाभ ओळखपत्राशिवाय पुढे सरकत नाही. महामंडळाची अपघात विमा योजना, तसेच मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहे (४१ तालुक्यांत मिळून ८२ मंजूर) यांचे अर्जही याच वेळी भरा. ई-श्रम नोंदणी सोबतच उरकते.

हिशेब कसा बुडतो

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांच्या बैठकीत तोडणी मजुरीत ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि मूळ दर टनाला साडेतीनशेच्या पुढे गेला. मुकादमाचे कमिशन मजुरीच्या वर वेगळे असते, मजुरीतून कापायचे नसते. हे मजुरांना माहीत नसते आणि पहिली चोरी इथेच होते.

आता एका कोयत्याचा हिशेब मांडू. उचल १ लाख. दर टनाला ३६६ रुपये धरू आणि जोडीने दिवसाला सरासरी २ टन तोडले असे मानू. १ लाख फेडायला २७३ टन लागतात, म्हणजे साधारण १३७ दिवस, एकही सुट्टी न घेता. पाऊस कमी झाला, ऊस कमी पडला आणि हंगाम १०० दिवसांत संपला तर २०० टन होतात. मजुरी ७३,२०० रुपये. २६,८०० बाकी. त्यात १४ आठवड्यांची दर आठवड्याला १,००० रुपये खर्ची मिळवा, बाकी ४०,८०० झाली. आजारपणाचे पाच दिवस, प्रत्येकी ८०० रुपये खाडा (कामावर न गेल्याचा दंड), ४४,८०० झाली. कोणी आळस केला नाही, कोणी काही चोरले नाही, तरी माणूस पट्टा पडताना (हंगाम संपताना) कर्जात. पुढच्या वर्षीची उचल याच बाकीवर चढते.

या हिशेबातला खाडा मुळातच बेकायदा आहे. मजूर टनावर काम करतो. ज्या दिवशी तोडले नाही त्या दिवसाची मजुरी त्याला मिळालेलीच नाही, मग वर दंड कशाचा? वेतन संहितेनुसार दंड फक्त आधी मंजूर आणि जाहीर केलेल्या कारणांसाठी लावता येतो आणि तो त्या पगार-कालावधीतल्या मजुरीच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. एकूण कपात मजुरीच्या निम्म्यापेक्षा जास्त करता येत नाही. कामावर येण्याच्या प्रवासासाठी दिलेली रक्कम उचलीत धरून वसूल करता येत नाही. बाळंतपणात किंवा मासिक पाळीच्या त्रासात बायांवर लागलेले खाडे वेगळे लिहा, ते तक्रारीत स्वतंत्र मुद्दा म्हणून मांडा.

दुसरी चोरी वजनात होते. खेप काट्यावर जाते तेव्हा मजूर फडात असतो. पावती चालकाकडे राहते, मुकादम संध्याकाळी आकडा सांगतो. उपाय सोपा आहे, पण रोज करावा लागतो. टोळीतल्या एकाने, शक्यतो शिकलेल्या मुलाने किंवा सुनेने, वही ठेवायची. तारीख, शेतकऱ्याचे नाव आणि गट क्रमांक, वाहनाचा कोड, चिठ्ठी क्रमांक, वजन, त्या खेपेला हजर असलेले कोयते, फडात किती वाजता उतरलो आणि खेप भरून किती वाजता झाली. पावतीचा फोटो चालकाकडून त्याच दिवशी घ्यायचा. फोटो गावातल्या तुमच्या गटाला पाठवून ठेवा, कारण अडवणुकीच्या वेळी सगळ्यात आधी मोबाइलच काढून घेतला जातो.

वेळेची नोंद का? वरच्याच उदाहरणात जोडीला दिवसाला ७३२ रुपये मिळतात, माणशी ३६६. पहाटे चारला फडात आणि संध्याकाळी वाढे (उसाचे शेंडे) बांधून तळावर, मध्ये खेप भरायची. १२ तास धरले तरी तासाला ३० रुपये ५० पैसे. आठ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर, हे कायद्यात आहे. त्या हंगामात त्या भागात लागू असलेले किमान वेतन सहायक कामगार आयुक्त कार्यालयातून लेखी घ्या आणि तासांच्या नोंदीशी ताडून बघा. १९८२ च्या एशियाड खटल्यात (दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या) सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी, असे ठरवले आहे. मजुरीची तक्रार आणि वेठबिगारीची तक्रार यांना जोडणारा दुवा हाच.

मजुरीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. मजुरी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, मजुरावर नाही. दावा करताना प्रतिवादी म्हणून मुकादम, वाहतूकदार, तोडणी-वाहतूक संस्था आणि कारखाना अशा चौघांनाही ओढा. एकट्या मुकादमावर केलेला दावा जिंकलात तरी वसूल काय करणार? त्याच्या डोक्यावरही वाहतूकदाराचे कर्ज असते, आणि तो तुमच्याच गावचा, कदाचित भावकीतला असतो.

अडवून ठेवले असेल तर

फोन आला की पहिल्यांदा ठिकाण पक्के करा. तालुका, गाव, जवळचा कारखाना, कोणाच्या शेताजवळ तळ आहे. मोबाइल चालू असेल तर लोकेशन मागवा. किती मोठी माणसे, किती मुले, कोणी गरोदर किंवा आजारी आहे का, मारहाण झाली का, बैल कोणाचे आहेत. मुकादमाला फोन करून 'सोडून दे' असे सांगण्याचा मोह आवरा. तसे केले की रातोरात कुटुंब दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत हलवले जाते. पत्रकारांना आधी कळवले तरी हेच होते.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे करायचा. माणसे जिथे अडकली आहेत तिथल्या, तुमच्या जिल्ह्यातल्या नव्हे. प्रत तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांना, पोलीस अधीक्षकांना आणि दोन्हीकडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. ईमेल करा आणि त्यावर फोन करून ईमेल मिळाल्याचे विचारा. मजकूर लांब नको. उदाहरणार्थ:

'अर्जदाराचा भाऊ, भावजय व त्यांची दोन मुले यांना अमुक गावच्या मुकादमाने अमुक महिन्यात ८०,००० रुपये उचल देऊन अमुक कारखान्याच्या ऊसतोडीसाठी नेले. आजवर मजुरीचा हिशेब दिलेला नाही. उचल फिटेपर्यंत जाता येणार नाही असे सांगून अमुक तारखेपासून त्यांना तळ सोडू दिला जात नाही, आधार कार्ड व मोबाइल काढून घेतले आहेत. ही वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ खालील बाब असून तातडीने चौकशी, सुटका, मुक्ती प्रमाणपत्र, थकीत मजुरी आणि त्यांची बैलजोडी, गाडी व सामान यांसह सुरक्षित परतीची व्यवस्था व्हावी.'

या मजकुरातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. उचल, हिशेब न देणे आणि जाण्यास मनाई ही तीन वाक्ये नसली तर अधिकारी प्रकरण 'पैशाच्या देवाणघेवाणीचा वाद' म्हणून बंद करतात. बैलजोडीचा उल्लेख राहिला तर सुटकेच्या दिवशीच सगळे फसते. माणसे गाडीत बसायला तयार होत नाहीत, कारण लाखाची जित्राबं मागे ठेवून कोण निघेल? पथकासोबत बैलांसाठी वेगळे वाहन लागणार हे आधीच सांगा.

पोलीस 'हे दिवाणी प्रकरण आहे' म्हणतील. त्यावर तीन मुद्दे. एक, १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज आपोआप संपते आणि ते वसूल करणे हाच गुन्हा आहे. दोन, कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कायद्याच्या कलम १५ नुसार पैसे देणाऱ्यावर आहे. १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटीच आहे असे गृहीत धरायला सांगितले आहे. तीन, मजूर अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(ज) लागते. गुन्हा हद्दीबाहेर घडला म्हणून तक्रार नाकारता येत नाही, शून्य क्रमांकाने नोंदवून ती वर्ग करावी लागते.

पथक तळावर पोचल्यावर जबाब कसा घेतला जातो यावर सगळे अवलंबून असते. मुकादम दहा फुटांवर उभा असताना विचारले तर कुठलाही मजूर 'आम्ही राजीखुशीने आहोत' असेच म्हणणार. जबाब तहसील कार्यालयात किंवा विश्रामगृहात, नवरा-बायकोचे वेगळे, असा आग्रह धरा. 'तुम्हाला कोंडून ठेवले होते का?' हा प्रश्नच चुकीचा आहे. वेठबिगारीला कुलूप-कडी लागत नाही. 'उचल किती घेतली, आजवर किती मजुरी हातात आली, उद्या दुसऱ्या मुकादमाकडे जाऊ शकता का, गावाकडे जायचे म्हणालात तेव्हा काय झाले' असे विचारायला लावा. कर्नाटकात, म्हणजे बेळगाव-बागलकोटकडे, जिल्हाधिकाऱ्याचे काम उपायुक्त करतात आणि जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. दोन्ही भाषा येणारा माणूस सोबत हवा आणि सही करण्याआधी जबाब मराठीत वाचून दाखवला, असे खाली लिहून घ्यावे.

मुक्ती प्रमाणपत्र घेतल्याशिवाय तिथून निघू नका. घाईत 'आधी घरी जा, प्रमाणपत्र पोस्टाने येईल' असे सांगतात. ते येत नाही. प्रत्येक मोठ्या माणसाचे वेगळे आणि काम करणाऱ्या मुलाचेही वेगळे प्रमाणपत्र लागते. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे आणि तिला खटल्याच्या निकालाची अट नाही. पुढची मदत पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि अतिशय गंभीर प्रकरणांत ३ लाख. ही खटल्याच्या निकालाशी जोडलेली असल्याने वर्षानुवर्षे अडकते. म्हणून कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोरच्या संक्षिप्त खटल्याचा पाठपुरावा तारखेगणिक करावा लागतो. सुटलेल्या कुटुंबाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यांना त्याच गावात, त्याच मुकादमाच्या शेजारी राहायचे असते.

वेठबिगार कायद्याखालची दक्षता समिती जिल्हा आणि उपविभाग अशा दोन्ही पातळ्यांवर असणे बंधनकारक आहे. तिच्या बैठकांची इतिवृत्ते माहिती अधिकारात मागवा. बैठक झालेलीच नाही असे उत्तर आले तर ते उत्तर पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडा. माणसाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, तो उल्लेख अर्जात ठळक करा. सहकारी कारखान्याकडे थेट माहिती मागितली तर 'आम्हाला हा कायदा लागू नाही' असे उत्तर येण्याची शक्यता मोठी. तीच माहिती पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून मागवणे जास्त उपयोगाचे.

अपघात

उलटलेली ट्रॉली, फडातला साप, विहिरीत गेलेले लेकरू, खेप बांधताना तुटलेला दोर. मुकादम आणि वाहतूकदार पहिल्या दोन दिवसांत वीस-पन्नास हजार देऊन 'आपसात मिटले' असा मुद्रांक करून घेतात. तो रोखणे हे गावातल्या गटाचे सगळ्यात मोठे काम. अंत्यविधीसाठी पैसे लागतात हे खरे आहे, म्हणून गावाने आधीच थोडा निधी बाजूला ठेवला तर कुटुंब सहीसाठी तितके हतबल राहत नाही.

मृत्यू कामावर झाला तर भरपाई किती होऊ शकते हे कुटुंबाला आकड्यात सांगा. महिन्याचे वेतन १५,००० धरले आणि वय ३० असेल, तर त्याचा निम्मा भाग ७,५०० गुणिले वयाचा गुणक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. कोणाची चूक होती हे इथे सिद्ध करावे लागत नाही. काम करताना, कामामुळे झाले एवढे पुरते. भरपाई महिन्याभरात जमा केली नाही तर १२ टक्के व्याज, शिवाय दंड. मुदत दोन वर्षे. वाहनाचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा दुसरा रस्ता आहे, तिथे मोटार वाहन कायद्यातली मुदत सहा महिन्यांची आहे. दोन्हीकडे दावा करता येत नाही, एकच निवडावा लागतो. वाहनाचा विमा नीट असेल तर न्यायाधिकरणात रक्कम जास्त मिळू शकते. पण ट्रॉलीचा विमाच नसणे, किंवा मजुरांना 'प्रवासी' ठरवून विमा कंपनीने हात वर करणे हे नेहमीचे. तसे असेल तर कामगार भरपाईचा रस्ता धरा, तिथे कारखान्यालाही प्रतिवादी करता येते.

म्हणूनच फिर्यादीतले शब्द महत्त्वाचे. 'ट्रॅक्टरमधून गावाकडे जात असताना' आणि 'अमुक कारखान्याच्या तोडीसाठी मुकादमाने फडाकडे नेत असताना' यांत पंधरा लाखांचा फरक पडतो. घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्यांचे क्रमांक, नोंदणी व विमा कागद, चालकाचा परवाना, वाहनावरचा कारखान्याचा कोड, त्या दिवशीची तोड चिठ्ठी. सर्पदंशात मांत्रिकाकडे वेळ जातो आणि मग कागदच नसतो. १०८ ला फोन करून सरकारी दवाखान्यात नेले की उपचार आणि नोंद दोन्ही होतात. बिबट्याच्या हल्ल्यात वन विभागाचा पंचनामा वेगळा लागतो, तो पोलिसांच्या पंचनाम्यात धरला जात नाही.

बाया आणि मुले

बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये समोर आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. मागची कारणे फडातच आहेत. तळावर शौचालय आणि पाणी नाही, डोक्यावर मोळी, पाळीत सुट्टी घेतली तर खाडा. हंगामाआधी आणि नंतर आरोग्य तपासणी करून घ्या, हिमोग्लोबिनचा आकडा कार्डावर लिहून घ्या आणि गर्भाशय काढायचा सल्ला मिळाला तर जिल्हा रुग्णालयाचे दुसरे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. तळावर लैंगिक छळ झाला तर कारखान्यात समिती शोधत बसू नका. असंघटित बायांसाठी जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेली स्थानिक समिती असते, तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची.

मुलांसाठी पहिला पर्याय गावातच हंगामी वसतिगृह. त्याचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत टोळ्या निघण्याआधी गेला पाहिजे, दिवाळीनंतर गेलेला प्रस्ताव मंजूर होईपर्यंत मुले तळावर पोचलेली असतात. मुले सोबत जाणारच असतील तर शिक्षण हमी कार्ड घ्या. दाखला नाही म्हणून जवळची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांचे आणि गरोदर बायांचे नाव तळाजवळच्या अंगणवाडीत घालता येते. आपल्या अंगणवाडी सेविकेकडून निघताना स्थलांतराची नोंद करून घेतली तर तिथे हुज्जत कमी होते. रेशन कोणत्याही राज्यात उचलता येते. फक्त निघण्याआधी कार्डावरच्या सगळ्यांचे आधार जोडलेले आहे का ते तपासा. म्हातारी माणसे गावात राहणार असतील तर त्यांचा वाटा गावातच मिळावा, हे दुकानदाराशी आधी बोलून ठेवा, नाहीतर सगळे धान्य एकाच ठिकाणी उचलले जाते आणि घरी राहिलेल्यांचे हाल होतात.

वकिलाच्या खर्चाची चिंता करू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि वेठबिगारीचे बळी यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मदतवाहिनी १५१००. फिर्यादी म्हणून शक्यतो घरातल्या बाईचे नाव पुढे करा. तिच्या नावावर उचल नसेल तर उलट खटल्याचा धाकही तिला सहज दाखवता येत नाही.